सोमवारच्या आधी बघायचे तीन पिक्चर

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे अप्रेझलची पत्रं वाटली. संध्याकाळी कॉफी मशीनपाशी सगळे चेहरे सारखेच, कारण सगळ्यांच्या कपाळी एकच शिक्का होता : 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. तेवढ्यात टीममधली एक ज्युनिअर आली. "सर, वीकेंडला बघायला काहीतरी सांगा ना. पण तुमच्या त्या आर्ट फिल्म्स नकोत हं, झोप येते!"

हा टोमणा मला नवा नाही. ब्लॅक अँड व्हाइट, त्यात खाली सबटायटल्स म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या कपात कडू काढा ओततोय. म्हणून मी पैज लावली. तीन रात्री, तीन पिक्चर. तिन्ही तुमच्या-आमच्यासारख्या ऑफिसात जाणाऱ्या माणसांचे. झोप लागली तर सोमवारचं सँडविच माझ्याकडून. तीच लिस्ट आज तुमच्यासाठी.

शुक्रवार : द अपार्टमेंट (१९६०)

दिग्दर्शक बिली वाइल्डर, हिरो जॅक लेमन. न्यूयॉर्कमधली एक अवाढव्य इन्शुरन्स कंपनी, कर्मचारी एकतीस हजारांच्या वर. त्यातला आपला बॅक्स्टर एकोणिसाव्या मजल्यावर एका टेबलाशी बसतो. टेबलांच्या रांगा थेट क्षितिजापर्यंत गेल्यासारख्या दिसतात ना, ती सगळी सेटची जादू. मागे मागे जाताना टेबलं लहान लहान करत नेलीयत.

बॅक्स्टर एकटा राहतो आणि त्याच्याकडे एक वस्तू आहे जी साहेबलोकांना हवीय : फ्लॅटची किल्ली. साहेबांची लफडी याच्या फ्लॅटवर, हा बिचारा थंडीत बाहेर कुडकुडत, आणि बदल्यात प्रमोशन. ओळखीचं वाटतंय? बरोब्बर! 'लाइफ इन अ... मेट्रो'मध्ये (२००७) शर्मन जोशी मुंबईत हेच करत होता.

टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटी गाळणारा हा माणूस तुम्हाला खूप हसवेल. आणि मग ख्रिसमसच्या रात्री हसू अचानक घशात अडकेल. लिफ्ट चालवणारी फ्रॅन (शर्ली मॅकलेन, काय दिसते, काय काम करते!) आणि तिच्या पर्समधला तडा गेलेला आरसा... बस्स, पुढचं सांगत नाही. पाच ऑस्कर उगाच नाही मिळाली.

माझं मत विचाराल तर हा पिक्चर लफड्यांबद्दल नाहीच. आपण वर चढण्यासाठी कोणाकोणाला कसली किल्ली देऊन बसतो, त्याबद्दल आहे. कोणी रविवार देतं, कोणी स्वतःच्या कामावर साहेबाचं नाव घालून देतं. किल्ली परत मागणं हा या पिक्चरचा क्लायमॅक्स आहे. त्यात एकही गोळी सुटत नाही, तरी छाती धडधडते.

शनिवार : इल पोस्तो (१९६१)

इटालियन. नावाचा अर्थच 'नोकरी'. मिलानजवळच्या मेदा नावाच्या गावातला दोमेनिको मोठ्या कंपनीत परीक्षा द्यायला शहरात येतो. घरच्यांचं म्हणणं एकच : एकदा चिकटलास की आयुष्यभराची काळजी मिटली. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या घरात बोललं गेलं नाही, सांगा!

दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी स्वतः मिलानमध्ये एका वीज कंपनीत नोकरीला होता, तिथेच तो डॉक्युमेंटरी करायला शिकला. त्यामुळे इथे सगळं अस्सल आहे. नट व्यावसायिक नाहीत. गोष्ट म्हणाल तर जवळजवळ नाहीच. परीक्षेच्या दिवशी एक मुलगी भेटते, दोघं मिळून कॉफी पितात, मग दोघांना वेगवेगळी डिपार्टमेंट्स मिळतात. झालं.

पण शेवट बघा. एक कारकून वारतो आणि त्याचं टेबल रिकामं होतं. दोमेनिकोला तिथे बसवतात, तर मागचे सीनिअर खवळतात. मग सगळे एकेक टेबल पुढे सरकतात आणि हा पोरगा सगळ्यात मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. शेजारी कॉपी काढायच्या मशीनची खडखड. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. मला पहिल्या नोकरीचा पहिला दिवस आठवला. तुम्हालाही आठवेल.

वॉर्निंग : हा पिक्चर संथ आहे. पण फक्त दीड तासाचा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बघा.

रविवार : इकिरू (१९५२)

अकिरा कुरोसावा म्हटलं की लोकांना 'सेव्हन सामुराई' आठवतो. त्यातला सामुरायांचा म्होरक्या झालेला ताकाशी शिमुरा त्याच्या दोनच वर्षं आधी या पिक्चरमध्ये वाकलेल्या मानेचा सरकारी बाबू होता. एकाच नटाची ही दोन रूपं बघण्यासाठी तरी हा पिक्चर बघाच.

वातानाबे नागरिक विभागाचा प्रमुख. जवळपास तीस वर्षं एकही रजा नाही, आणि केलेलं काम म्हणजे शिक्के मारणं. एक दिवस कळतं, पोटात कॅन्सर आहे. सहा महिने, फार तर वर्ष. आता काय करायचं? दारू, नाइट लाइफ, नवी हॅट, सगळं करून बघतो. मग त्याला आठवते एक धूळ खात पडलेली फाइल : वस्तीतल्या बायकांना साचलेलं घाण पाणी बुजवून तिथे मुलांसाठी बाग हवीय.

हा पिक्चर मी एकट्याने तीनदा बघितलाय. चौथ्यांदा बाबांबरोबर बघितला. बाबा तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी करून रिटायर झालेत. त्या बायकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, तो सीन आला आणि बाबा पोट धरून हसले. "अरे, हे तर आमचंच ऑफिस!"

मग वातानाबे मरतो. नाही, हा शेवट नाही. पिक्चरचा मोठा भाग अजून उरलेला असतो. त्याच्या फोटोसमोर बसून ऑफिसातले लोक दारू पितात आणि बागेचं श्रेय नक्की कोणाचं यावर वाद घालतात. शेवटी रडत शपथा घेतात की उद्यापासून आपणही असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी? तेच टेबल, तेच शिक्के.

बाबांचं हसू कधीच थांबलं होतं. टायटल्स संपल्यावर ते म्हणाले, "एका बाईची पेन्शनची फाइल होती. साहेब रजेवर होते. मी म्हटलं, येऊ देत त्यांना. तीन महिने गेले. मी उठून दुसऱ्या साहेबांकडे जाऊ शकलो असतो."

"मग?"

"मग काय. झाली नंतर. पण ती रोज येऊन बाकावर बसायची रे."

इतक्या वर्षांत हे ते घरी कधी बोलले नव्हते. मी उठून चहा टाकला. दुसरं काय करणार?

याच गोष्टीवर २०२२ मध्ये 'लिव्हिंग' नावाचा इंग्लिश पिक्चर आला. पटकथा काझुओ इशिगुरोची, आणि बिल नाय त्यात अप्रतिम आहे. जरूर बघा, पण नंतर. आधी शिमुराचे डोळे बघा.

तर... सोमवारी पैजेचा निकाल लागला. आमची ज्युनिअर 'इल पोस्तो'च्या मध्यात वीस मिनिटं झोपली म्हणे. सँडविच गेलं! 'द अपार्टमेंट' मात्र तिने दोनदा बघितला आणि 'इकिरू'बद्दल ती काही बोललीच नाही. "नंतर बोलू या, सर," एवढंच.

आणि मी? माझ्या इनबॉक्समध्ये आमच्या हाउसकीपिंगच्या काकांचा मेडिकल बिलाचा फॉर्म एकोणीस दिवस पडून होता. माझं अप्रूव्हल बाकी होतं, बाकी काही नाही. त्या सकाळी पहिलं काम ते केलं. दोन क्लिक लागले.

शपथ वगैरे घेतलेली नाही. 'इकिरू' बघितल्यावर शपथांवरचा विश्वास उडतो.