जीव वाचला, एवढेच पुरे?

“जीव वाचला ना? मग आणखी काय हवे?” आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या स्त्रीने मनातले दुःख ओठांवर आणण्याचा अवकाश, की हे वाक्य तिला ऐकवले जाते. ऐकवणारे आपणच असतो. त्यात कृतज्ञतेचा आव असतो. खरे पाहता तो आपला संकोच असतो.

मुलुंडहून परळ वा बोरिवलीहून प्रभादेवी स्थानक गाठून टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या भगिनींना काय सोसावे लागते? गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातील नाजूक मज्जातंतूंना इजा होऊ शकते. किरणोपचारांनी योनिमार्ग कोरडा व अरुंद होऊ शकतो. तरुण वयातही पाळी कायमची थांबू शकते. काहींच्या पोटावर मलविसर्जनाची पिशवी येते. मग वेदनेपोटी आणि लाजेपोटी पतीचा स्पर्शही नकोसा होतो. पती त्याला नकार समजतो. एकाच छपराखाली दोन माणसे एकाकी होतात.

यांपैकी पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. वंगण-जेली आहे, योनिमार्ग आकुंचित होऊ न देणारी साधने आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. आणखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. सहवासापूर्वी पिशवी रिकामी करावी, एवढी साधी सूचनाही मोठा धीर देते. पण डॉक्टर आपणहून सांगत नाहीत आणि ती विचारायला धजत नाही.

हा विषय अपवित्र आहे, असे कोणी म्हणेल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या प्रबोधनांतून मानवी देहाचे व विवाहाचे पावित्र्यच उलगडले. त्याच पोपमहोदयांनी १२ जुलै १९९२ च्या रविवारी, आपण तपासणीसाठी रुग्णालयात जात आहोत, असे भाविकांना स्वतः सांगितले. तीन दिवसांनी त्यांच्या मोठ्या आतड्यातील गाठ काढण्यात आली. पोपमहोदयांना आपल्या आजाराचा उच्चार करताना लाज वाटली नाही. मग आपल्या आयाबहिणींनीच का तोंड मिटून बसावे?

आजारपणातही साथ देण्याचे वचन आपण वेदीसमोर देतो. त्या वचनाचा अर्थ केवळ औषधे आणून देणे नव्हे. पतींनी पत्नीसोबत डॉक्टरांच्या खोलीत बसावे आणि हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा. धर्मग्रामांनी रुग्णभेटीला जाणाऱ्या भगिनींना याची माहिती द्यावी, विवाहपूर्व शिबिरांत त्याला जागा द्यावी. रुग्णासाठी आपण रोझरी म्हणतो. तिचे ऐकूनही घेऊ या.