डिजिटल कुलूप कोणाच्या हिताचे?

ई-पुस्तकांची अनधिकृत नक्कल रोखण्यासाठी प्रकाशक त्यांना डिजिटल कुलूप लावतात. ते सर्वस्वी अन्यायकारक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, ही पवित्र शास्त्राची शिकवण लेखकालाही लागू पडते. शिवाय मुदत संपताच आपोआप बंद होणारे ई-पुस्तक ग्रंथालये वाचकांस देऊ शकतात, ते या कुलपामुळेच.

परंतु २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र गेली.

भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे त्याने गुन्हा ठरविले. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी मात्र मुभा ठेवली. त्याच दुरुस्तीने अंध बंधुभगिनींसाठी सुलभ प्रती करण्यासही परवानगी दिली. पण किल्ली प्रकाशकाकडेच राहिली, तर ही परवानगी कागदावरच उरते.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या परिपत्रकात खासगी मालकीचा हक्क सर्वांच्या उपभोगाच्या हक्काहून दुय्यम मानला आहे. तेव्हा उसनवारीच्या पुस्तकाला कुलूप अवश्य असावे. विकलेल्या पुस्तकाची किल्ली मात्र वाचकाच्या हाती असावी, असे आम्हांस वाटते.