निष्ठा हवी, हमी मात्र नको!

चेन्नईजवळच्या ओरगडम येथील मोटार कारखान्यातील आपला ५१ टक्के हिस्सा निसान या जपानी कंपनीने २०२५ मध्ये फ्रान्सच्या रेनॉला विकला. त्याच वर्षी निसानने जगभरातील वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचे आणि कारखान्यांची संख्या सतरावरून दहावर आणण्याचे जाहीर केले. २०१० मध्ये ओरगडमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तमिळनाडूत भांडवलाबरोबर जपानी कार्यसंस्कृतीही येईल, अशी अपेक्षा होती. वक्तशीरपणा आला, शिस्त आली. या शिस्तीच्या बदल्यात जपानी कामगाराला जे मिळत होते, ते मात्र आले नाही.

जपानी कामगाराची कंपनीवरील निष्ठा हा तेथील मातीचा गुण आहे, असे आपल्याकडील उद्योगपती व्यासपीठांवरून सांगत असतात. इतिहास वेगळेच सांगतो. १९५० मध्ये टोयोटाने दीड हजारांहून अधिक कामगार कमी केले, तेव्हा संघर्ष इतका पेटला की संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. १९५३ मध्ये निसानमध्येही प्रदीर्घ संप झाला. या संघर्षांनंतर मालक आणि कामगार यांच्यात एक अलिखित करार आकाराला आला. कंपनी निवृत्तीपर्यंत काढणार नाही आणि सेवेच्या वर्षांबरोबर पगार वाढवील. कामगार कंपनी सोडणार नाही आणि उत्पादनात अडथळा आणणार नाही. मालकाने वाजवी कारणाशिवाय कामावरून काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरतो, असा दंडक जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये घालून दिला. निष्ठा हा सौदा होता आणि त्याची किंमत मालक मोजत होते.

हा सौदा मोठ्या कंपन्यांतील कायम नोकरांपुरताच होता, हेही विसरता येणार नाही. नव्वदच्या दशकातील मंदीनंतर त्याचा परीघ आणखी आकसला. २००४ मध्ये कारखान्यांत कंत्राटी कामगार पुरवण्यास जपानी कायद्याने मुभा दिली. २००८ च्या अखेरीस काम आणि निवारा दोन्ही गमावलेल्या अशा कामगारांसाठी टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू उभारावे लागले. या अनुभवानंतर जपानने २०१२ मध्ये कायदा बदलला. मुदतीचे करार सलग पाच वर्षांपलीकडे गेले, तर कामगाराला बेमुदत कराराची मागणी करण्याचा हक्क मिळाला.

चेन्नईचे वेगळेपण येथेच जाणवते. तमिळनाडूने १९८१ मध्येच कायदा करून चोवीस महिन्यांत ४८० दिवस भरणाऱ्या कामगाराला कायम करण्याची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानेही कामगाराला वर्षानुवर्षे ‘बदली’ वा ‘हंगामी’ ठेवून कायमपणापासून वंचित करणे ही अनुचित प्रथा ठरवली. कायदा पाळला किती गेला, हा भाग वेगळा. निदान अपेक्षा तरी स्पष्ट होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या चार श्रमसंहितांनी ही अपेक्षाच धूसर केली आहे. औद्योगिक संबंध संहितेत मुदतीच्या नोकरीला मान्यता आहे. अशा कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर उपदान मिळेल, ही तरतूद स्वागतार्हच. परंतु मुदत संपल्यावर त्याला घरी पाठवणे ही कामगार कपात मानली जाणार नाही आणि करार किती वेळा वाढवावा, यालाही मर्यादा नाही. उद्योगाला लवचिकता हवी, हा युक्तिवाद खोटा नाही. मागणी घटली तर मालकाने काय करावे? मात्र दहा वर्षे एकाच यंत्रावर, एकाच मालकासाठी राबणारा कामगार ‘तात्पुरता’ कसा, याचे उत्तर त्या युक्तिवादात सापडत नाही.

श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. मराईमलाई नगरातील फोर्डचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. २०२४ मध्ये सॅमसंग या कोरियन कंपनीच्या कामगारांना संघटनेच्या मान्यतेसाठी महिनाभराहून अधिक काळ संप करावा लागला. कंपन्या येतात, हिस्से विकतात, निघून जातात. कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळा मात्र कामगाराच्या पदरी राहतात. १९८२ च्या संपानंतरची गिरणगावची वाताहत ज्यांनी पाहिली, त्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुदतीच्या नोकरीला कायद्याने मुदत घालणे संसदेला अशक्य नाही. जपानने पाच वर्षांची रेषा आखली, तमिळनाडूने ४८० दिवसांची. केंद्राने या दोहोंच्या मधली कोणतीही रेषा निवडावी, पण ती आखावी. ज्या कामगाराला पुढच्या वर्षीच्या पगाराची खात्री नाही, त्याच्याकडे जपानी निष्ठा मागण्याचा नैतिक अधिकार ना मालकांना आहे, ना सरकारला.