रजेचा हिशेब

सुट्टीवर आलेल्या फौजीला गावात दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. ‘कधी आलास? परत कधी?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. बोलायला विषय हवा म्हणून तो विचारतो. फौजी मात्र काळी ट्रंक घराच्या ओसरीवर टेकवल्या घटकेपासून दिवस मोजत असतो. नियमाने जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. ‘मिळते’ हे क्रियापद इथे जरा सैल आहे. मिळू शकते म्हणावे. सेवेची गरज पडली तर रजा नाकारता येते, अर्ध्यातून माघारी बोलावता येते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. गोळीबार रविवार पाहून होत नाही. आमची तक्रार निराळी आहे.

सैनिकाचे मन, त्याचे मनोबल, अधिकाऱ्याचे नेतृत्व यांवर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात, कारगिल विजय दिनाला सभागृहात. त्यांत शौर्य असते, बलिदान असते, लढाईच्या तोंडावर कुणा सेनापतीने केलेले भाषण असते. रजेचा अर्ज कुठेच नसतो. आमच्या मते सैनिकाचे मन समजून घ्यायचे तर तो अर्ज आधी वाचावा.

पुढे चर्चिलचे डॉक्टर म्हणून नावाजलेले लॉर्ड मोरान पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत एका बटालियनचे डॉक्टर होते. शूर माणसे हळूहळू कशी खचतात हे त्यांनी तिथे जवळून पाहिले आणि १९४५ मध्ये ‘द ॲनाटॉमी ऑफ करेज’ हे पुस्तक लिहिले. त्यातला सिद्धान्त पतपेढीचे पासबुक बाळगणाऱ्या कुणालाही समजेल: धैर्य ही शिल्लक आहे. एकाच्या खात्यावर जास्त, एकाच्या कमी, पण लढाईत खर्च सगळ्यांचाच होतो, आणि खाते रिकामे झाले की माणूस संपतो. शूर आणि भित्रे असे दोन ढीग करून मोकळे होणाऱ्यांची या माणसाने पंचाईत करून ठेवली. पंचाईत व्हायलाच हवी होती. मोरान ज्या सैन्यात होते, त्याच सैन्याने त्या युद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली आपल्याच ३०६ माणसांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. कागद हलायला नव्वद वर्षे लागली.

ही शिल्लक पुन्हा भरता येते का? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मिळाले. अमेरिकी लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी तिथला हिशेब मांडला तेव्हा दिसले, की पायदळाचा शिपाई प्रत्यक्ष लढाईचे सुमारे २०० ते २४० दिवस टिकतो. मग त्याचा उपयोग उरत नाही. ब्रिटिशांचा आपल्या शिपायाविषयीचा अंदाज मात्र ४०० दिवसांच्या आसपास होता. ब्रिटिश रक्त काही जास्त लाल नव्हते. ते आपल्या शिपायाला बारा दिवसांत, कधी त्याआधीच, आघाडीवरून मागे घेत आणि चार दिवस विसावा देत. अमेरिकी शिपाई वीस-तीस दिवस, अनेकदा त्याहूनही जास्त, सलग पुढेच राही. चार दिवसांची झोप, गरम जेवण, घरचे पत्र निवांत वाचायला मिळालेली एखादी संध्याकाळ. एवढ्याने माणूस जवळजवळ दुप्पट टिकला.

याच इटलीत आपली मराठा पलटण लढत होती. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव या शिपायाने मशीनगनची ठाणी एकट्याने निकालात काढली, बांधावर चढून पलटणीची गर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याबद्दल, असे आपण सांगतो. त्याआधीचा भाग घाईत राहून जातो. त्यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले होते. ठाण्यांवर ते चालून गेले ते नंतर. शिपाई देशासाठी लढतो हे खरेच, पण गोळ्या सुटायला लागल्या की देश आक्रसून शेजारच्या चार-पाच जणांएवढा होतो. जुन्या सुभेदारांना हे मानसशास्त्राचा एक धडाही न वाचता ठाऊक असते.

मग अधिकाऱ्याने करायचे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच काळात, एकाच आजाराच्या निमित्ताने दिली गेली. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकी जनरल पॅटन लष्करी रुग्णालयाच्या फेरीवर असताना त्यांना एक असा शिपाई दिसला, की ज्याला जखम नव्हती. काय झालेय म्हणून विचारले, तर त्याचे उत्तर असे, की मला हे आता सहन होत नाही. पॅटननी त्याच्या थोबाडीत मारली. आठवडाभरात दुसऱ्या रुग्णालयात आणखी एकाला मारली. पहिल्या शिपायाला हिवताप आणि जुनाट आव होती, हे पुढे तपासणीत निघाले. वरिष्ठ सेनापती आयझेनहॉवरनी पॅटनना माफी मागायला लावली. पॅटन मोठे सेनानी होते यात वाद नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगावी लागते. सामान्य माणसाची थप्पड कुणी लक्षात ठेवत नाही.

इकडे ब्रह्मदेशाच्या सीमेवर ब्रिटिश जनरल स्लिम यांच्या हाती चौदावी सेना आली होती. तिचे बहुसंख्य सैनिक भारतीय होते. १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना अडवणाऱ्यांत मराठ्यांची एक पलटणही होती. स्लिम आले तेव्हा जखमी होऊन मागे जाणाऱ्या एका माणसामागे १२० जण आजारी पडून जात होते. हिवतापाने सेना वितळत होती. मेपाक्रिनची गोळी रोज घेतली तर ताप टळे, पण शिपाई ती चुकवीत. गोळीने पुरुषत्व जाते अशी वावडी उठली होती. स्लिमनी शिपायांच्या थोबाडीत मारली नाही. अचानक पलटणींची तपासणी करायला लावली, आणि ज्या पलटणीत पुरेशा लोकांच्या अंगात औषध सापडले नाही तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवले. असे फक्त तीन जणांना घालवावे लागले. बाकीच्यांना तेवढ्याने समजले. आघाडीवरची एखादी तुकडी अर्ध्या शिध्यावर आली की ते स्वतःच्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर ठेवीत. मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले की पुढचा शिधा कसा झटपट पोचतो, हेही त्यांनी पुढे गमतीने लिहून ठेवले आहे. हिवताप दोघांच्या फौजांत होता. एकाने तो झालेल्या शिपायाला शिक्षा केली, दुसऱ्याने तो होऊ देणाऱ्या साहेबाला.

आणि यासाठी ब्रह्मदेशापर्यंत जायचीही गरज नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र सगळ्यांना माहीत आहे, निदान त्यातला रयतेला न छळण्याचा भाग. रयतेला तोशीस देऊ नका, हे वाक्य आपण फलकांवर लावतो. पत्राचा उरलेला भाग वाचताना थक्क व्हायला होते. पावसाळाभर दाणागवत कसे पुरवून वापरायचे, न पुरल्यास घोडे मरतील आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल, मग तुम्ही रयतेच्या मागे लागाल, गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, दिवे तसेच ठेवले तर उंदीर जळती वात पळवून नेईल आणि छावणी पेटेल. राज्य उभे करणारा माणूस उंदराचा विचार करतो आहे. भुकेला शिपाई लुटारू कसा होतो, याची सगळी साखळी त्याने आधीच मनात जोडून पाहिली आहे. पत्रात तलवारीचे नाव नाही. तरी नेतृत्वाचा याहून चांगला पाठ मराठीत दाखवा, असे आमचे आव्हान आहे.

आता आपल्या काळाकडे. जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले, की मागील पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या; त्यांतले ६४२ स्थलसेनेतले. बारा लाखांच्या घरातल्या सेनेत हे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त नाही, असे कुणी म्हणेल, आणि गणित चुकीचे नसेल. पण देशाच्या सरासरीत रोगी, म्हातारे, बेकार सगळे आले. सैन्यातली माणसे धावून, छाती फुगवून, वैद्यकीय तपासणीतून निवडून घेतलेली असतात. त्यांच्यातलेही इतके जण तुटत असतील, तर सरासरीशी बरोबरी हे प्रशस्तिपत्र ठरत नाही.

दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये एका कार्यरत कर्नलने केलेला याच विषयावरचा अभ्यास २०२१ च्या आरंभी गाजला. निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली आहेत, असे त्यात म्हटले होते. नमुना फार लहान आहे, असा आक्षेप लष्कराकडून आला. अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. नमुन्याविषयीची शंका रास्त मानू. पण त्यातली कारणांची यादी पाहा. जवानांच्या ताणाची कारणे म्हणून तिथे शत्रू, बर्फ, दहशतवादी यांचा पाढा नव्हता. रजा उशिरा मिळणे किंवा नाकारली जाणे, घरच्या अडचणी, वरिष्ठांकडून होणारा अपमान, कामाचा अतिरेक, मोबाइलवरची अवाजवी बंधने. अधिकाऱ्यांच्या यादीत तर नेतृत्वाचा दर्जा हेच एक ठळक कारण होते. ही यादी खोडायला मोठा नमुना लागत नाही, की मान्य करायलाही लागत नाही. कुठल्याही निवृत्त हवालदाराला चहावर विचारावे.

रजा देणाऱ्यावर अन्याय नको. कंपनी कमांडर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण. त्याच्याकडे शंभरेक माणसे, त्यांतली काही कोर्सवर, काही ड्युटीवर, आणि दिवाळी किंवा गणपती सगळ्यांना हवा. कुणाची बहीण खरोखर लग्नाची आहे आणि कुणाची दरवर्षी लग्नाची असते, हे त्याला सुभेदार साहेबांकडून समजून घ्यावे लागते. नकार द्यावा लागणारच. फरक असा, की एकजण अर्जावर शेरा मारून तो परत पाठवतो आणि दुसरा जवानाला समोर बसवून सांगतो, या महिन्यात जमत नाही, पुढच्या दहा तारखेला नक्की, आणि दहा तारखेला पाठवतो. जवान नकार विसरतो. दहा तारीख विसरत नाही.

या पार्श्वभूमीवर २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीराला वर्षाला ३० दिवसांची रजा आहे. आजारपणाची वेगळी. नियमित जवानाच्या एक तृतीयांश. चार वर्षांचीच नोकरी, तरुण पोरे, त्यांना घर काय आठवणार, असा हिशेब असावा. एकोणिसाव्या वर्षी घर आठवत नाही, असे ज्याने ठरवले त्याने ते वय कुठे काढले कोण जाणे.

पण सगळे लष्कराच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. मंजूर झालेली रजा जाते कुठे? सातारा जिल्ह्यात एका गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. अशा मुलखात जाऊन विचारा. मोजणीच्या तारखेत, फेरफाराच्या नोंदीत, भावकीने कोरलेल्या बांधात. पूर्वी घरचे भांडण पोस्टकार्डातून पंधरा दिवसांनी पोचत असे, आणि फौजीच्या हाती कार्ड पडेपर्यंत घरी ते मिटलेलेही असे. आता बांध कोरल्याचा व्हिडिओ पाच मिनिटांत छावणीत पोचतो. रात्री पहाऱ्याला उभे राहायचे आहे आणि डोक्यात दोन हजार किलोमीटरवरचा ट्रॅक्टर फिरतो आहे. मोरानच्या खात्यातून असे पैसे गोळी न सुटताच कमी होत असतात.

कायदा आहे. सैनिक सीमेवर असताना त्याच्या पाठीमागे दिवाणी दावा एकतर्फी चालू नये म्हणून १९२५ चा एक कायदा शंभर वर्षे कागदावर आहे. सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये योजनाही काढली. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. चांगले कमांडिंग ऑफिसर आपल्या जवानाच्या जमिनीसाठी थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात, आणि ते पत्र खाली तहसिलात येते, तिथून मंडल अधिकाऱ्याकडे, तिथून तलाठ्याकडे, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’.

कार्यालयाच्या भिंतीवर ‘जय जवान’ लिहिलेले असते. त्याखालच्या बाकावर फौजी शुक्रवारी सकाळी दहापासून बसलेला असतो. केस बारीक, पाठ ताठ, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि साहेबांच्या पत्राची झेरॉक्स. चार वाजता कारकून वर पाहतो. साहेब बैठकीला गेलेत, सोमवारी या. फौजी बरे म्हणतो आणि उठतो. वाद घालायची त्याला सवय नाही. खिशात रविवारच्या झेलम एक्स्प्रेसचे तिकीट असते.