हूडखालचा ट्रॅक्टरचालक असुरक्षितच

अंबड : गाळप हंगाम सुरू झाला की शहागड, वडीगोद्री, महाकाळा या भागातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसू लागतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आणि गोदावरीचे पाणी मिळाल्याने अंबड तालुक्याच्या दक्षिण भागात ऊस स्थिरावला आणि अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याने त्याला हक्काचे गाळप दिले. हा ऊस शेतातून कारखान्यापर्यंत नेणाऱ्या चालकाच्या डोक्यावर बहुतेक वेळा एक रंगीत हूड असते. त्यावर मालकाचे वा देवाचे नाव असते आणि अनेकदा लाऊडस्पीकरही बसवलेले असतात. ट्रॅक्टरवर हौसेने होणारा पहिला खर्च बहुधा हाच असतो. मात्र हे हूड ऊन-पावसापुरतेच उपयोगाचे आहे. ट्रॅक्टर उलटला तर पातळ पत्र्याचा आणि नळ्यांचा हा सांगाडा दोन टनांचे धूड पेलू शकत नाही.

ट्रॅक्टर उलटण्याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. मागची चाके मोठी, बैठक उंच आणि गुरुत्वमध्य वर असल्याने बांधावरून तिरका जाताना किंवा कालव्याच्या भरावाची कड खचताच तो कुशीवर पडतो. मागे उलटणे त्याहून घातक असते. काळ्या रानात मागची चाके रुतली आणि चालकाने जोर देऊन क्लच सोडला, की चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती वर उचलले जाते. ओढायचे वजन टोचनच्या ठरलेल्या जागेऐवजी वर कुठे तरी अडकवलेले असेल, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. चढावर भरलेल्या ट्रॉल्या ओढताना पुढची चाके जमिनीपासून सुटतात, हे दृश्य या भागात नवे नाही. त्याचे चित्रीकरण करून कौतुकाने पाहिलेही जाते. पुढचे चाक सुटल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण उलटण्यास साधारण दीड सेकंद लागतो आणि सावरण्याची संधी त्याच्या निम्म्या वेळातच निघून जाते. उडी मारून वाचू, हा चालकांचा भरवसा या हिशेबात टिकत नाही.

उघड्या वाहनाच्या या दुखण्यावर मोटार उद्योगाने फार पूर्वीच उपाय शोधला आहे. टप नसलेल्या स्पोर्ट्स मोटारींत आसनामागे भक्कम पोलादी कमान बसवली जाते. मर्सिडीज-बेंझच्या ‘एसएल’ मोटारीत १९८९ पासून अशी कमान दडवलेली असे आणि मोटार उलटण्याची चिन्हे दिसताच ती सेकंदाच्या एक तृतीयांश भागात वर येत असे. आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या नव्या ‘थार’मध्येही अंगभूत संरक्षक सांगाडा देण्यात आला. हौसेच्या उघड्या गाडीला जे मिळाले, ते कष्टाच्या उघड्या वाहनाला मात्र मिळालेले नाही.

ट्रॅक्टरसाठीची संरक्षक चौकट, म्हणजेच ‘रॉप्स’, दिसायला साधी असते. मागच्या आसाच्या घरावर घट्ट बसवलेले दोन खांब आणि त्यांना जोडणारी आडवी कमान एवढेच तिचे स्वरूप. तिची परीक्षा मात्र कठोर असते. आंतरराष्ट्रीय चाचणी संहितेनुसार तिच्यावर मागून आणि बाजूने जोर लावला जातो आणि वरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भार दिला जातो. दोन टनांच्या ट्रॅक्टरसाठी हा भार चार टनांचा होतो. एवढे होऊनही चौकटीचा कोणताही भाग चालकाभोवतीच्या ठरवून दिलेल्या मोकळ्या जागेत शिरता कामा नये. अशा चाचणीसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ११८२१’ हे मानकही आहे. चौकटीमुळे ट्रॅक्टर बहुधा कुशीवरच थांबतो, पुरता पालथा होत नाही. मात्र सोबत आसनपट्टा हवाच, अन्यथा चालक फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडू शकतो. याउलट चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधणे म्हणजे मृत्यूशी बांधून घेणे होय.

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना चौकट सक्तीची केली. पुढे जुन्या ट्रॅक्टरनाही हा नियम लागू होत गेला आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळपास थांबले. अमेरिकेत १९७६ मध्ये नोकरदार चालकांच्या ट्रॅक्टरसाठी नियम झाला आणि १९८५ पासून उत्पादकांनी स्वतःहून नव्या ट्रॅक्टरवर चौकट देण्यास सुरुवात केली. भारतात दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात आणि एवढी मोठी बाजारपेठ जगात दुसरी नाही. येथील कारखान्यांतून अमेरिकेला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर चौकट असते. अंबडच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरवर ती नसते. तंत्र उपलब्ध नाही, ही सबब त्यामुळे पुढे करता येत नाही.

शेतकऱ्यांचे आक्षेप मात्र निराधार नाहीत. जालना जिल्हा मोसंबीचा. बागेत फवारणी वा मशागत करताना उंच चौकट फांद्यांत अडकते, फळे झडतात. गोठ्याच्या किंवा शेडच्या दारातूनही ती जात नाही. यावर दुमडणारी चौकट हा उपाय आहे. परंतु बागेत दुमडलेली चौकट रस्त्यावर आल्यावर पुन्हा उभी करण्याची शिस्त हवी, कारण दुमडलेल्या अवस्थेत तिचा काहीही उपयोग नसतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून नळ्या जोडून घेणे हा दुसरा मार्ग सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो दोन्ही अंगांनी फसवा आहे. चाचणी न झालेली चौकट पहिल्याच आघातात जोडापासून निखळू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लागू केले आहे. म्हणजे चौकट उत्पादकाकडून किंवा मान्यताप्राप्त मार्गानेच यायला हवी.

शासनाची भूमिका येथेच महत्त्वाची ठरते. कृषी यांत्रिकीकरण योजनेतून ट्रॅक्टरला सर्वसाधारण शेतकऱ्यास एक लाख आणि अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास सव्वा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये दिले जातात. खरेदीच्या वेळी सव्वा लाख देताना चालक सुरक्षित आहे का, हे विचारायचे नाही आणि तो दगावल्यावर दोन लाख द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यातही मदत मिळते ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. हंगामापुरता रोजाने ट्रॅक्टर चालवणारा भूमिहीन तरुण या योजनेत कुठेच बसत नाही. प्रत्यक्षात ऊस वाहतुकीच्या रात्रपाळीत सुकाणूवर अनेकदा तोच असतो.

चौकटीमुळे किंमत वाढेल, हा उत्पादकांचा नेहमीचा युक्तिवाद. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सात लाखांच्या ट्रॅक्टरमागे ही बचत चाळीस हजार रुपयांहून अधिक होते. किंमत उतरलेली असताना चौकट व पट्टा अनुदानाची अट करणे शासनाला जड जाऊ नये. साखर कारखान्यांकडेही साधन आहे. वाहतूकदारांशी ते दरवर्षी करार करतात आणि उचल देतात. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा याच वाटेने रुळल्या. मात्र रिफ्लेक्टरने मागून येणारा वाचतो, ट्रॅक्टरवरचा नव्हे.

चौकटीकडून सगळेच अपेक्षिता येणार नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात मजूर महिलांचा मृत्यू झाला. ट्रॉलीत बसलेल्यांना किंवा मडगार्डवर टेकलेल्या सोबत्याला चौकट वाचवू शकत नाही. तो प्रश्न मजुरांच्या ने-आणीचा आणि कठडे नसलेल्या विहिरींचा आहे आणि त्याचे उत्तर वेगळे शोधावे लागेल.

शेतांतून आज धावणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचा प्रश्न तर नव्या खरेदीच्या अटीने सुटणारच नाही. ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षे वापरात राहतो आणि दोन-तीन मालक पाहतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरवर चौकट बसवण्याच्या खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग परत देण्याची योजना राबवली. तेथेही मुख्य अडचण शेतकऱ्याला आपल्या मॉडेलची चाचणी झालेली चौकट कुठे मिळेल, हे शोधण्याचीच होती. त्यासाठी स्वतंत्र दूरध्वनी सेवा ठेवण्यात आली. आपल्याकडे कोणत्या मॉडेलला कोणती चौकट बसते आणि ती कोणाकडे मिळते, याची मराठी यादी तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावण्यासाठी कोणत्याही कायदा-दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.