विकत घेतलेला गेम कुणाचा?

दुकानातून रोख पैसे मोजून सायकल घेतली आणि दहा वर्षांनी कंपनीचा माणूस येऊन ती अंगणातून उचलून घेऊन गेला, तर आपण गप्प बसू का? शेजारीपाजारी गोळा होतील, पोलिसांत तक्रार जाईल. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हे घडते आणि बहुतेकांना त्यात काही वावगे वाटत नाही. ‘गेमच तर होता’ असे म्हणून विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये.

उदाहरण युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे घेऊ. तिचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. त्यात एकट्याने खेळायची मोठी कथा होती, पण तीसुद्धा इंटरनेटला जोडल्याशिवाय चालत नसे. डिसेंबर 2023 मध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून पूर्ण किंमत देऊन गेम घेतलेल्यांच्या हातात काही उरले नाही. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे फक्त प्लास्टिकची चकती उरली. पुढे अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेतला गेला.

कंपनीने सर्व्हरच्या अडचणी आणि परवान्यांच्या मर्यादा अशी कारणे दिली. गाड्यांच्या कंपन्यांशी केलेले करार संपतात, हे खरे आहे. पण करार संपला तर नवी विक्री थांबते, जुन्या गिऱ्हाइकाची वस्तू परत घ्यावी लागत नाही. ‘फोर्झा होरायझन 4’ हाही गाड्यांचाच गेम. डिसेंबर 2024 मध्ये तो विक्रीतून काढला गेला, पण ज्यांनी आधी घेतला होता ते त्यानंतरही तो खेळू शकले. म्हणजे हा प्रश्न इच्छेचा आहे.

यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. रॉस स्कॉट या यूट्यूबरने ती 2024 मध्ये सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करता येते, त्यासाठी दहा लाख सह्या लागतात. जुलै 2025 मध्ये मोहिमेने तो आकडा ओलांडला. मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असे कोणी म्हणत नाही. दुकान बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढेच. ‘डूम’ 1993 साली आला आणि 1997 मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला गेला. तो आजही हौशी लोक नव्या यंत्रांवर चालवतात, त्यात भर घालतात. त्याने कोणाचे दिवाळे निघाले नाही.

आता दुकानांबद्दल. स्टीम 2003 मध्ये सुरू झाले आणि आज कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या बहुतेकांचे कपाट तिथेच आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही. रुपयांत किंमत, यूपीआयने पैसे, सेलमध्ये मोठी सूट, आणि चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. आपल्याकडच्या पोरांना पायरेटेड सीडीच्या नादातून बाहेर काढण्याचे बरेचसे श्रेय या सोयीला जाते. पण हे कपाट आपले नाही. स्टीमचा करार सांगतो की खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बापाने वीस वर्षांत जमवलेले पुस्तकांचे कपाट मुलांना वारशात मिळते. वीस वर्षांत जमवलेले गेम नियमाप्रमाणे त्याच्याबरोबरच संपतात.

कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये यावर एक कायदा केला. ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. त्यानंतर पैसे भरताना स्टीमवर तशी सूचना दिसू लागली. सूचना आली हे बरे झाले, पण तिने मालकी मिळत नाही. जीओजी या दुकानाची पद्धत मला जास्त पटते. तिथून गेमची फाइल उतरवून घ्यायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, मग दुकान राहो वा न राहो. तिथे गेम कमी मिळतात, पण घेतलेला आपल्याकडे राहतो.

आपल्या देशात गेमवर चर्चा होते ती फक्त दोन बाबतींत, व्यसन आणि जुगार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. घरे उद्ध्वस्त करणाऱ्या त्या धंद्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण जो विद्यार्थी शिकवण्या घेऊन साठवलेले चार हजार रुपये एका गेमवर खर्च करतो, त्याच्या हक्काचे काय? ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि दिशाभूल करणारी जाहिरात त्यात बसते. भाड्याची वस्तू ‘विक्री’ म्हणून देणे ही दिशाभूल नाही तर काय आहे? हा प्रश्न आपल्या ग्राहक संघटनांनी हाती घ्यायला हवा.

राहिला खेळणाऱ्यांचा समाज. तो एकवटला की काय होते ते मे 2024 मध्ये दिसले. ‘हेलडायव्हर्स 2’ खेळणाऱ्यांनी प्लेस्टेशनचे खाते जोडलेच पाहिजे, असे सोनीने जाहीर केले. एस्टोनिया, लातव्हिया, लिथुआनिया अशा कितीतरी देशांत ते खाते उघडण्याची सोयच नव्हती, तरी गेम तिथे विकला गेला होता. भारतात खाते उघडता येते, म्हणजे आपल्याला झळ नव्हती. तरी जगभरच्या खेळाडूंनी नापसंतीचे शेरे लिहून कंपनीला जेरीस आणले आणि काही दिवसांतच तिने माघार घेतली. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आपण ओरडणे, हीच समाजाची खूण.

पण याच समाजात व्हॉइस चॅट सुरू केले की शिव्या ऐकू येतात. मुलीचा आवाज आला की एक प्रकारच्या, माझ्यासारखे नाव दिसले की दुसऱ्या प्रकारच्या. मग मुली माइक बंद ठेवतात आणि आमची पोरे टोपणनावे घेतात. गप्प बसवलेली माणसे सह्यांच्या मोहिमेत येणार कुठून? कंपनीपुढे उभे राहायला संख्या लागते, आणि अर्ध्या लोकांना दारातूनच हाकलून संख्या होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी खोलीत कोणी नावावरून शेरा मारला, तर ऐकून सोडून देऊ नका, तिथल्या तिथे टोका आणि तक्रारीचे बटण दाबा.

आणि पुढचा गेम घेण्याआधी एक गोष्ट तपासा. सर्व्हर बंद झाला तर हा चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर घेऊ नका असे मी म्हणत नाही. फक्त भाड्याच्या वस्तूला जेवढी किंमत द्याल, त्याहून एक रुपयाही जास्त देऊ नका.