आराखडा गावाचा, नोंदी उपकेंद्राच्या

ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ठरताना चर्चा बहुधा सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप आणि गावची कमान यांभोवती फिरते. त्याच गावच्या उपकेंद्रात गर्भवतींचे हिमोग्लोबिन, जुलाबाचे आणि क्षयरोगाचे रुग्ण यांच्या नोंदी असतात; अंगणवाडीत बालकांची वजने असतात. आराखड्याच्या बैठकीत या वह्या क्वचितच उघडल्या जातात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांची मुदत २०३० आहे. पंचायतींसाठी ती नऊ संकल्पनांत बसवली गेली. आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव ही त्यांतलीच. पण आधी काम ठरवायचे आणि मग त्याला शोभेल ती संकल्पना समोर लिहायची, असे झाले तर उद्दिष्ट कागदावरच राहते.

याची किंमत शरीर मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या महिलांचे प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होते. पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्के झाले. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण ताटात डाळ-भाजी नसेल आणि उघड्यावरच्या शौचामुळे जंत पुन्हा होत असतील, तर एकट्या गोळीचे बळ अपुरे पडते. परसबाग, शौचालयाचा वापर आणि बाईच्या हातातली मजुरी हे ग्रामसभेचे विषय आहेत.

पैसा अजिबात नाही, असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या मूळ अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवली. मात्र टाकी बांधली की काम संपत नाही. त्या पाण्यात टीसीएल पावडर रोज पडते का, शेवटच्या नळाला क्लोरीन मिळतो का, गटाराजवळची गळती दुरुस्त झाली का, यावर पावसाळ्यातले जुलाब आणि कावीळ अवलंबून असतात.

रस्ता नको, असे कोणी म्हणत नाही. १०८ रुग्णवाहिका पाड्यापर्यंत पोहोचायची तर रस्ता हवाच. प्रश्न एवढाच, की आधी कोणता? जिथून बाळंतिणीला झोळीत घालून आणावे लागते, त्या वाटेचा क्रम कमानीच्या आधी लागला पाहिजे.

आधी मोजायचे आणि मग ठरवायचे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. आरोग्याचाही असाच ताळेबंद मांडता येईल. आराखड्याच्या ग्रामसभेत एएनएम, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी कोणाचेही नाव न घेता पाच आकडे वाचावेत: रक्तक्षय असलेल्या गर्भवती, कमी वजनाची बालके, जुलाबाचे रुग्ण, क्षयरोगाचे रुग्ण आणि दूषित निघालेले पाण्याचे नमुने. मंजूर होणारे प्रत्येक काम यांपैकी कोणता आकडा खाली आणणार, हे तिथेच विचारावे. पुढच्या वर्षी नव्या कामांची यादी मांडण्याआधी तेच पाच आकडे पुन्हा वाचावेत.